मंडळाचे जुने अंक फोनवर: ब्लूडिट बसवतानाच्या नोंदी (बडोदे, पावसाळा २०२४)

१४ जुलै २०२४, रविवार

आधी काम काय ते लिहिते. आमच्या मंडळाचा वार्षिक अंक निघायचा. बडोद्यातल्या मराठी घरांनी लिहिलेल्या आठवणी, वाड्यांच्या हकिकती, पाककृती, थोड्या कविता. छपाईचा खर्च वर्गणीतून निघेना म्हणून अंक थांबला. जुन्या अंकांचे गठ्ठे चिटणीस काकांच्या माळ्यावर पडून आहेत आणि लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. हे सगळं फोनवर वाचता यावं आणि नव्यांनाही लिहायला जागा मिळावी, एवढंच हवं आहे. त्यासाठी वेबसाइट चालवणारा एखादा तयार प्रोग्राम निवडायचा होता.

अटी तीन. खर्च मंडळाला झेपला पाहिजे. साध्या फोनवर, रेंज कमी असतानाही पान उघडलं पाहिजे. आणि उद्या मी गावात नसले तरी दुसऱ्या कुणाला ते उचलून पुढे चालवता आलं पाहिजे. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, त्यामुळे निवड तिच्यावरच केली.

वर्डप्रेस सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला डेटाबेस लागतो आणि प्लगिनांची देखभाल करणारं माणूस कायम लागतं. ह्यूगो सर्वांत हलकं, तयार पानंच सर्व्हरवर ठेवायची. पण लेख चढवायला टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडावं लागतं, आणि लेख चढवणार आहेत आमच्या दोन वहिनी, त्याही फोनवरून. राइटफ्रीली चालवून पाहिलं. एकच प्रोग्राम, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतो, लिहायचं पान इतकं कोरं की बघून बरं वाटतं. मात्र त्यात फोटो चढवायची सोय नाही आणि आमच्या अंकात फोटो भरपूर.

शेवटी ब्लूडिट. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, डेटाबेस नाही. प्रत्येक लेखाचं एक फोल्डर, त्यात साधी मजकुराची फाइल. ब्राउझरमधून लिहिता येतं. उद्या ब्लूडिट बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून लेख वाचता येतील.

१८ जुलै

यंत्र घरचंच: बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम. त्यात नवी २४० जीबीची एसएसडी टाकली, १,५०० रुपये. डेबियन १२ (लिनक्स), एनजिनएक्स (वाचकाला पानं पाठवणारा वेबसर्व्हर) आणि पीएचपी ८.२. पीएचपीचे एमबीस्ट्रिंग, जीडी आणि डॉम हे भाग वेगळे बसवावे लागतात. एमबीस्ट्रिंग नसेल तर मराठीचं काही खरं नाही.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जायचा. सिस्टमडीच्या लॉगिनडी फाइलमध्ये झाकणाच्या स्विचकडे दुर्लक्ष करायला सांगितलं, मग जागा राहिला.

एक गोष्ट मात्र नीट बघा. ब्लूडिटबरोबर येणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल (काय बाहेरून बंद ठेवायचं ते सांगणारी) अपाचे या वेगळ्या वेबसर्व्हरसाठी असते, एनजिनएक्स ती वाचतच नाही. त्यामुळे ब्राउझरच्या पट्टीत लेखाच्या मजकुराच्या फाइलीचा सरळ पत्ता टाकला तर अप्रकाशित लेखसुद्धा जसाच्या तसा समोर येत होता. कुटुंबाला अजून न दाखवलेले लेख असे उघडे पडणं मला चालणार नव्हतं. एनजिनएक्सच्या मांडणीत कंटेंट फोल्डरातले डेटाबेस, पेजेस आणि वर्कस्पेसेस हे तिन्ही भाग बाहेरून बंद केले. अपलोड्स तेवढं उघडं ठेवायचं, नाहीतर फोटो दिसत नाहीत.

२१ जुलै

घरात साइट दिसते, बाहेरून दिसत नाही. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून झालं, फायरवॉल तपासून झाली, संध्याकाळ गेली. कारण वेगळंच निघालं. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा होता, आणि १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी सीजीनॅटची असते. म्हणजे ब्रॉडबँडवाल्याने अनेक घरांमागे एकच खरा पत्ता ठेवलेला आहे. अशा जोडणीवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत पोचत नाही. घरी सर्व्हर ठेवायचा विचार असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर हा आकडा सर्वांत आधी बघा.

क्लाउडफ्लेअर या कंपनीचं टनेल लावलं. त्यात लॅपटॉपच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्टचा प्रश्न उरत नाही. डोमेन घेतलं, वर्षाचे साधारण ७०० रुपये.

साइट बाहेरून उघडली, पण सगळी मांडणी गायब, नुसती अक्षरं एकाखाली एक. ब्लूडिटने बसवताना स्वतःचा पत्ता साध्या एचटीटीपीने नोंदवून ठेवला होता आणि बाहेरचं पान एचटीटीपीएसवर. सुरक्षित पानात असुरक्षित पत्त्यावरची सीएसएस (मांडणीची फाइल) ब्राउझर येऊ देत नाही. सेटिंग्जमध्ये साइटचा पत्ता बदलला, लगेच सुटलं.

२८ जुलै

स्कॅनिंग. मंडळातल्या एका काकांनी त्यांच्या ऑफिसातला स्कॅनर शनिवारी वापरायला दिला. ३०० डीपीआय, ग्रे. त्याखाली गेलात तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, हात टेकतं.

टेसरॅक्ट या ओसीआरच्या प्रोग्रामला मराठीची फाइल वेगळी मिळते, डेबियनच्या भांडारातच आहे. पहिल्या पानांचा निकाल वाचून धीर आला, पण आमच्या अंकांत मध्येच गुजराती ओळी येतात. बडोद्याचा माणूस शेजारीण काय म्हणाली ते गुजरातीतच लिहितो आणि कित्येकांनी ते गुजराती लिपीतच छापलंय. फक्त मराठी लावलं की त्या ओळींचा कचरा होतो. टेसरॅक्टला मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा अधिक चिन्हाने जोडून दिल्या की दोन्ही लिप्या बऱ्यापैकी ओळखतो. वेळ जास्त लागतो, लागू दे.

चुका ठरावीक आहेत. घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल. जुन्या अंकांत शाई फुटलेली असल्याने अनुस्वार हरवतात, नाहीतर नको तिथे उगवतात. हे यंत्राने सुधारायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पानं वाटून घेतली. ज्यांनी ते लेख छापील अंकात वाचले होते त्याच बायका तपासायला बसल्या, आणि त्यांना चूक डोळ्याला लगेच खुपते.

दोन कॉलमची पानं आधी उभी कापून घेतलेली बरी. नाहीतर या कॉलमची ओळ त्या कॉलमच्या ओळीला चिकटते आणि पाककृतीत वाड्याची भिंत येते.

४ ऑगस्ट

आजची नोंद लांब आहे, कारण मराठीत कुणीही हे करायला गेलं की इथेच अडकणार.

तपासलेले लेख एकेक करून चढवण्यापेक्षा पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक लेखाची मजकुराची फाइल बनवते, शीर्षकावरून पत्ता तयार करते आणि ब्लूडिटच्या एपीआय प्लगिनमधून (बाहेरच्या प्रोग्रामला ब्लूडिटमध्ये लिहू देणारी सोय) लेख आत टाकते. शीर्षकातून पत्ता बनवायची जी रीत सगळीकडे सांगतात तीच वापरली: अक्षर, आकडा किंवा अधोरेखा नसेल ते चिन्ह काढून टाका.

एका निवृत्त ग्रंथपालांचा लेख आहे, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीवर. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून १९१० मध्ये ग्रंथालयाचं काम उभं केलं. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन, म्हणजे खालपर्यंत उजेड पोचावा. त्या काचेवरून पहिल्यांदा चालताना पाय कसे लटपटत होते ते लेखात फार सुंदर आलंय. शीर्षक ‘सेंट्रल लायब्ररीतली काचेची जमीन’. स्क्रिप्टने पत्ता बनवला तो असा:

सटरल-लयबररतल-कचच-जमन

काने, मात्रे, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त, सगळं साफ. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची रीत) ‘अक्षर’ म्हणजे युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण) अक्षर या वर्गात घातलेलं चिन्ह. आपला काना, मात्रा, अनुस्वार ‘जोडचिन्ह’ या वर्गात आहेत, म्हणून ती बाहेर फेकली जातात. इंग्रजीवर तपासलेली स्क्रिप्ट मराठीवर बिनबोभाट असं करते, कुठेही एरर येत नाही. जॅंगो या पायथॉनच्या साधनसंचातल्या स्लग, म्हणजे पत्ता, बनवणाऱ्या फंक्शनची युनिकोड सोय वापरली तरी हेच होतं. ह्यूगोतही पत्त्यातून अ‍ॅक्सेंट काढायचा एक पर्याय आहे. तो चालू केला तर उकार, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार जातात, पण काना आणि वेलांट्या राहतात, कारण युनिकोडने त्या दुसऱ्या उपवर्गात ठेवल्यात. तो पर्याय बंदच ठेवायचा.

उपाय म्हणून वर्गावर न विसंबता देवनागरीचा अख्खा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, स्वतः लिहून दिला. पत्ता शुद्ध झाला.

मग तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पाहिला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत तीन बाइटचं, आणि कॉपी केलेल्या पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासकट तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ. ‘मराठी’ एवढ्याच शब्दाची पंचेचाळीस. काचेच्या जमिनीचा पत्ता अडीचशेच्या वर गेला. चिटणीस काकांनी फोनवर विचारलं, “ही व्हायरसची लिंक तर नाही ना गं?” आमचे निम्मे वाचक असा पत्ता दाबणारच नाहीत.

त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक अडथळा. एका आजींच्या लेखाचं शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य आहे. ते फाइलचं नाव म्हणून वापरताना लिनक्सने ‘नाव फार लांब’ म्हणून नकार दिला. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं. काने-मात्रे त्यात धरून. इंग्रजीत एवढं लांब शीर्षक कुणी देत नाही. आपल्याकडे देतात, आणि ते शीर्षक मी बदलणार नाही.

सरतेशेवटी ठरवलं: पत्त्यात आणि फाइलीच्या नावात देवनागरी नको. अंकाचं वर्ष आणि लेखाचा अनुक्रम, बस. पत्ता छोटा, फोनवर तोंडी सांगता येतो, छापील अंकाच्या अनुक्रमणिकेशी जुळतो. शीर्षक पानावर पूर्ण आणि शुद्ध.

११ ऑगस्ट

शोध चालेना. ‘दुसऱ्या’ शोधलं तर काही लेख सापडतात, काही नाही, आणि डोळ्याला शब्द तोच. हा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एकात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. कीबोर्डागणिक फरक. ‘ऑफिस’ला काही नाही, पण ‘अ‍ॅ’चंही तसंच: २००८ पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, तरी बरेच कीबोर्ड अजून अ वर चंद्र देऊन लिहितात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन्ही जोड्यांना एक मानत नाही. स्क्रिप्टमध्ये चढवण्याआधीची पायरी घातली: सगळे अर्धे र नुक्त्याच्या रीतीने, सगळे ‘ॲ’ एकाच चिन्हात. आता शोध लागतो.

झेडडब्ल्यूजे सरसकट पुसून टाकू नका. ते गेलं की ‘दुसऱ्या’चा रफार होतो आणि वाचणारा अडखळतो.

फाँट. टिरो देवनागरी मराठी घेतला. मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, शेंडीवाला श नाही. वयस्कर वाचकांना हा फरक जाणवतो. पहिल्याच दिवशी एक आजोबा म्हणाले, “हे आपल्या पुस्तकासारखं दिसतंय.” त्यात ठळक वजन नाही, त्यामुळे ठळक मथळे ब्राउझर स्वतःच जाड करतो आणि जोडाक्षरं बुजतात. मथळ्यांची जाडी साधी केली आणि आकार वाढवला. गुजराती अक्षरं त्यात नाहीत, त्यासाठी मागे नोटो सेरिफ गुजराती जोडला. आणि थीमच्या पहिल्या ओळीत पानाची भाषा मराठी लिहिली. स्क्रीन रीडर मराठीतून वाचायचा तर त्याला हे कळावं लागतं.

१८ ऑगस्ट

फोटो चढेनात, ४१३ ही एरर. एनजिनएक्स मुळात १ एमबीच्या वरचं काही घेत नाही आणि पीएचपीची मर्यादा २ एमबी. फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा. दोन्हीकडे मर्यादा २० केली, पीएचपीत अपलोड आणि पोस्ट दोन्ही आकडे बदलावे लागतात.

पण तसेच फोटो ठेवले तर पान जड होतं, शिवाय फोनच्या फोटोत घराचं लोकेशन असू शकतं. रात्री एकदा इमेजमॅजिक हा प्रोग्राम सगळे नवे फोटो १२८० पिक्सेलवर आणतो आणि आतली माहिती पुसतो. क्रम महत्त्वाचा: आधी फोटो सरळ करून घ्यायचा, मग माहिती पुसायची. उभा-आडवा हेसुद्धा त्याच माहितीत असतं, ते आधी पुसलं की आजोबा आडवे पडतात.

याच आठवड्यात सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडलं. ब्लूडिट चुकीचे पासवर्ड मोजतं आणि त्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) काही मिनिटं थांबवतं. टनेलमुळे त्याला प्रत्येक माणूस एकाच आयपीवरून आलेला दिसत होता. एकीने पासवर्ड चुकवला की सगळ्या अडकल्या. एनजिनएक्सला पाहुण्याचा खरा आयपी क्लाउडफ्लेअरच्या हेडरमधून (विनंतीबरोबर येणाऱ्या नोंदीतून) घ्यायला सांगितलं, प्रश्न मिटला.

१ सप्टेंबर

हा आठवडा पुरात गेला. जन्माष्टमीच्या सुमारास पावसाने धरलं, आजवा धरणाचं पाणी, आणि विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. आम्ही बडोद्याच्या अकोटा भागात राहतो. पार्किंगमध्ये पाणी, त्यामुळे सोसायटीची वीज बंद ठेवली होती. आधी राउटर गेला, मग बॅटरी संपून लॅपटॉप. आमचा मजला वरचा, म्हणून सामान वाचलं. खालच्या घरांची अवस्था बघवत नव्हती.

साइट बंद राहिली ती नेमकी तेव्हा, जेव्हा लोक घरात अडकून फोन धरून बसले होते आणि मंडळाच्या ग्रुपवर जुन्या पुराचा लेख मागत होते. त्याहून गंभीर म्हणजे बॅकअपची हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात होती. पाणी वर चढलं असतं तर तपासलेला सगळा मजकूर दोन्हीकडून गेला असता.

घरातला सर्व्हर इथेच संपला. शिकायला, चाचणीला उत्तम. लोकांचं लिखाण सांभाळायला नाही, निदान नदीकाठच्या गावात नाही.

५ सप्टेंबर

१ जीबी रॅमचा भाड्याचा व्हीपीएस (कंपनीच्या सर्व्हरवरचा आपला वाटा) घेतला, महिना साधारण ४५० रुपये. तेच डेबियन, तेच एनजिनएक्स. लॅपटॉपवरून आख्खं फोल्डर आरसिंक या फाइली हलवायच्या प्रोग्रामने उचललं, फाइलींची मालकी वेबसर्व्हरच्या नावावर केली, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र सर्टबॉटने घेतलं, डोमेनचा पत्ता वळवला. एका संध्याकाळीत झालं. डेटाबेस काढा, भरा, जुळवा, असलं काही नाही. ब्लूडिट निवडल्याचं समाधान आज मिळालं. टनेल काढलं, त्यासोबत हेडरची ती तजवीजही काढली. ती तशीच ठेवली तर कुणीही खोटा आयपी सांगू शकतो.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

साइट सगळ्यांसाठी खुली. पहिला लेख सुरसागर तलावातल्या जुन्या विसर्जनावरचा. दुपारी अमेरिकेतून एका लेखिकेच्या नातीचा फोन आला. तिच्या आजीचा लेख तिने आयुष्यात पहिल्यांदा वाचला. घरात त्या अंकाची प्रतच नव्हती.

२२ सप्टेंबर

उरलेली कामं.

जुन्या अंकांत लेखाखाली लेखकाचा पूर्ण पत्ता आणि फोन छापायची पद्धत होती. चढवण्याआधी ते सगळे काढले. कित्येक घरांत अजून तीच माणसं राहतात. जे लेखक हयात नाहीत त्यांच्या घरी फोन करून विचारतोय. एका घराने नको म्हटलं, तो लेख घेतलेला नाही. हे काम स्कॅनिंगपेक्षा जास्त वेळ खातं आणि त्याला दुसरा मार्ग नाही.

दोन्ही वहिनींना लेखकाचं खातं दिलंय, त्यात फक्त आपलेच लेख बदलता येतात. संपादकाचं खातं एका मुलाकडे, मुख्य खातं माझ्याकडे आणि चिटणीस काकांकडच्या बंद पाकिटात.

कंटेंट फोल्डर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) ठेवलं आहे. अपलोड्समध्ये जुन्या फोटोंची नावं देवनागरीत आहेत, ती गिट आकड्यांत दाखवतं. कोअर कोटपाथ हा पर्याय बंद केला की नावं नीट दिसतात. रोज रात्री दोनला प्रत काढली जाते. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे) असल्यामुळे ती सकाळी साडेसातला निघत होती, वेळ कोलकात्याची लावली. प्रत माझ्याकडे येते आणि महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर चिटणीस काकांकडे जाते, म्हणजे नदीच्या दुसऱ्या काठाला. ती प्रत त्या जुन्या लॅपटॉपवर उघडून बघितली, साइट पूर्ण उभी राहिली.

आतापर्यंतचा खर्च: एसएसडी १,५००, डोमेन ७००, पेन ड्राइव्ह ४००, आणि व्हीपीएसचे वर्षाला धरायचे ५,४००. शेवटचा छापील अंक याच्या कित्येक पट महाग पडला होता. डोमेन मंडळाच्या ईमेलवर नोंदवलं आहे, माझ्या नाही. नूतनीकरणाची आठवण मंडळाच्या कॅलेंडरमध्ये जूनला टाकली आहे, आणि पुढच्या कार्यकारिणीकडे पेन ड्राइव्हबरोबर या नोंदींची छापील प्रतही जाईल.